नेट कुठं अडलं? शोधा पाहू!

ओळखा पाहू मी कोण?

पाऊस आला की जातं, वारा सुटला की जातं, क्रिकेटचा सामना रंगात आला की हमखास जातं. आणि दुरुस्त करणारा माणूस दारात उभा राहिला की आपसूक येतं!

‘वीज!’ असं म्हणालात ना? तेही अगदीच चूक नाही म्हणा. पण माझ्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा सगळी पोरं एका सुरात ओरडली, ‘बाई, नेट!’

हसलात? मीही हसले. पण दोस्तांनो, या नेटपायी माझ्या हातून एकदा एक चूक झाली. ती आधी सांगते, मग पुढचं.

गोष्ट २०२० सालची. करोनामुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या होत्या. जुलैपासून मी चौथीच्या मुलांचा तास मोबाइलवरून घेऊ लागले. रोज अकरा ते बारा. वर्गात एक मुलगी होती. हुशार, मनमिळाऊ, अक्षर मोत्यासारखं. अकराच्या ठोक्याला ती हजर असायची. आणि दहा-पंधरा मिनिटं झाली की पडद्यावरून गुल! पाच-सात मिनिटांनी परत यायची, तोवर गणित पुढे गेलेलं असायचं. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्या वर्गासमोर बोलले, ‘अभ्यासाचा कंटाळा येत असेल तर सरळ सांग. असं मधूनच पळून जायचं नाही.’

ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती तासाला आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी तिच्या आजोबांचा फोन आला. म्हणाले, ‘बाई, पोरगी धड जेवत नाही हो. एकच म्हणते, मी नव्हते पळाले, नेट पळालं होतं.’

मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू? ‘नेट पळालं’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? डी.एड.ला आम्ही तक्ते करायला शिकलो, फळ्यावर सुबक लिहायला शिकलो. राउटर नावाचा खोका कुणी शिकवला नव्हता. मग मीच विद्यार्थिनी झाले. ओळखीच्या जाणत्या माणसांना विचारलं, पुस्तकं चाळली, घरच्या राउटरसमोर वही घेऊन बसले. त्यातून जे कळलं ते आज तुम्हांला सांगते.

आणि त्या मुलीच्या घरचं नेट कुठं पळत होतं? ते सापडलं. शोधून कुणी काढलं माहीत आहे? तिनंच! कसं, ते थोड्या वेळानं.

नळाला पाणी आलं नाही तर?

समजा, सकाळी नळाला पाणी नाही. तुम्ही लगेच पान्हा घेऊन नळ उखडता का? नाही. आधी आई म्हणते, ‘जा रे, शेजारी बघून ये, त्यांच्याकडे आलंय का.’ शेजारीही पाणी नसेल, तर गावची टाकीच भरलेली नाही. शेजारी असेल आणि आपल्याकडेच नसेल, तर आपल्या पाइपात काहीतरी अडलंय. मोरीतल्या नळाला असेल आणि स्वयंपाकघरातल्या नळाला नसेल, तर दोष त्या एका नळाचा. म्हणजे पाणी कुठून कुठून येतं हे माहीत असलं, की ते कुठं अडलं हे शोधता येतं.

नेटचंही अगदी तसंच आहे. तुमच्यापर्यंत पोचायला त्याला चार टप्पे ओलांडावे लागतात.

पहिला टप्पा तुमच्या हातातला मोबाइल किंवा टेबलावरचा कॉम्प्युटर. दुसरा टप्पा मोबाइल आणि राउटर यांच्यामधली हवा. इथे तार नसते. रेडिओच्या लहरींवरून निरोप जातात. यालाच आपण वायफाय म्हणतो. तिसरा टप्पा राउटर आणि त्यातून घराबाहेर जाणारी तार. चौथा टप्पा तुमच्या कंपनीचं केंद्र आणि त्यापलीकडचं सगळं जग.

तिसऱ्या टप्प्यातली तार पूर्वी टेलिफोनची असायची. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी नेट लावलं की मोडेम नावाचं यंत्र कुईं-कुईं, खर्र-खर्र असा आवाज करायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडायचा. आई-बाबांना विचारून पाहा, त्यांना तो आवाज आठवत असेल. आता बहुतेक घरांत येते ती काचेच्या बारीक तंतूची तार, म्हणजे फायबर. या तंतूतून वीज जात नाही, प्रकाश जातो! सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर या वेगानं तो पळत असतो.

आणि चौथा टप्पा केवढा मोठा आहे, पाहा. देशोदेशींना जोडणाऱ्या तारा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि इथे भारतात नेट रखडलं! म्हणजे दर वेळी दोष आपल्या घरातच असतो असं नाही. तो कुठल्या टप्प्यात आहे, एवढं मात्र आपण शोधू शकतो. त्यासाठी पाच प्रश्न विचारायचे. चला तर मग, गुप्तहेर व्हा!

प्रश्न पहिला : कुणाकुणाचं गेलं?

तुमच्या मोबाइलवर नेट नाही. ताईच्या मोबाइलवर आहे का? असेल, तर दोष तुमच्या मोबाइलचा. त्याचं वायफाय बंद करून पुन्हा लावा. तरीही नाही जमलं, तर मोबाइल बंद करून चालू करा. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं.

सगळं चालतंय, पण एकच ॲप किंवा एकच वेबसाइट उघडत नाही? मग तुमचं नेट ठीक आहे. त्या वेबसाइटचंच काहीतरी बिघडलंय. शाळेच्या निकालाच्या दिवशी हे हटकून होतं. एकाच वेळी हजारो मुलं निकाल पाहायला धावतात आणि बिचारी वेबसाइट दमते. अशा वेळी घरच्या राउटरवर राग काढून काय उपयोग?

एक खुबी लक्षात ठेवा. तपासणी करताना मोबाइलचा डेटा बंद ठेवा आणि फक्त वायफाय चालू ठेवा. नाहीतर वायफाय गेलेलं असतं, मोबाइल गुपचूप आपला डेटा वापरत असतो, आणि आपण म्हणतो, ‘माझं तर चालू आहे!’

घरातल्या कुणाचंच चालत नसेल, तर शेजारी विचारा. शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीचं नेट असेल आणि तेही गेलं असेल, तर दोष घराबाहेर आहे. रस्ता खोदताना तार तुटली असेल किंवा वाऱ्यानं खांबावरून निसटली असेल.

प्रश्न दुसरा : दिवे काय सांगतात?

राउटरवर छोटे छोटे दिवे असतात. ते शोभेचे नाहीत बरं का! आजारी माणूस जीभ दाखवतो, तसा राउटर दिवे दाखवतो. प्रत्येक कंपनीचे दिवे थोडे वेगळे असतात, पण फायबरच्या खोक्यावर बहुधा हे सापडतात.

एक दिवा विजेचा. तोच नसेल तर नेटचा प्रश्नच येत नाही; आधी बटण, प्लग आणि अडॅप्टर पाहा. पिन सैल झालेली असते, नाहीतर केर काढताना कुणीतरी बटण बंद केलेलं असतं.

दुसऱ्या दिव्याखाली इंग्रजीत पी, ओ, एन ही अक्षरं असतात. हा स्थिर जळत असेल तर कंपनीशी बोलणं नीट चालू आहे. सारखा लुकलुकत राहिला तर समजा, राउटर ‘हॅलो, हॅलो’ करतोय, पण पलीकडून ओळख पटत नाहीये.

तिसरा दिवा एल, ओ, एस या अक्षरांचा. हा लाल झाला की समजावं, तारेतून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. फायबरची तार कुठं दुमडली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, तिच्यावर कपाट सरकलं आहे का, एवढं नुसत्या नजरेनं पाहा. काचेचा तंतू आहे तो. सुतळीसारखा घडी घालून बांधला तर कसा चालेल? तार ठीक दिसत असूनही दिवा लालच असेल, तर घरात आणखी खटपट करू नका. कंपनीला कळवा.

सगळे दिवे शहाण्यासारखे जळतायत आणि तरी नेट नाही? मग बाबांना हळूच विचारा, ‘बाबा, रिचार्ज संपलं तर नाही ना?’ हसू नका. आमच्याच घरी एकदा हे झालं. मी अर्धा तास तारा तपासत बसले होते!

प्रश्न तिसरा : राउटरला विश्रांती दिली का?

राउटर हाही एक छोटा कॉम्प्युटरच आहे. तो दिवसरात्र जागा असतो. कोणता निरोप कुणाचा याचा हिशेब ठेवता ठेवता कधीकधी त्याचा गोंधळ उडतो. मग काय करायचं? बटण बंद करायचं, मनात तीसपर्यंत सावकाश आकडे मोजायचे आणि पुन्हा चालू करायचं. त्यानंतर चार-पाच मिनिटं धीर धरायचा. लगेच ‘आलं का? आलं का?’ करून परत बंद करू नका. त्याला जागं होऊन पुन्हा सगळी जुळवाजुळव करायला वेळ लागतो.

इथे एक धोक्याची सूचना! राउटरच्या मागे सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यात टाचणी खुपसायची नाही. बंद करून चालू करणं वेगळं आणि हे भोक दाबणं वेगळं. पहिलं म्हणजे झोप काढणं. दुसरं म्हणजे सगळी पाटी पुसून कोरी करणं! वायफायचं नाव, पासवर्ड, कंपनीनं भरून दिलेली माहिती, सगळं जातं. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत हात चोळत बसायची पाळी येते.

प्रश्न चौथा : राउटर बसलाय कुठं?

पुष्कळ घरांत राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्याला टीव्हीच्या मागे, कपाटात नाहीतर थेट जमिनीवर ठेवतात. वायफायच्या लहरींना पत्रा आवडत नाही. लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, जाड भिंती मध्ये आल्या की त्या कमजोर होतात. राउटरची जागा कशी हवी? घराच्या साधारण मध्यभागी, उंचावर आणि मोकळी.

काही राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोचतात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण दोन भिंती मध्ये आल्या की त्या थकतात. मोबाइलमध्ये वायफायची दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीत पहिलीवर आणि राउटरजवळ दुसरीवर जोडा. आणखी गंमत म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळजवळ २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरींनी अन्न तापवतो. म्हणून ओव्हन चालू असताना शेजारचं वायफाय कधीकधी अडखळतं.

दोष वायफायचा की तारेचा, हे ओळखायची सोपी युक्ती सांगते. मोबाइल घेऊन राउटरपासून दोन पावलांवर बसा. तिथे नेट छान चालतंय आणि आतल्या खोलीत रडतंय, तर दोष हवेतल्या टप्प्याचा. राउटरची जागा बदला. अगदी जवळ बसूनही रडतंय, तर दोष पुढच्या टप्प्यांत.

प्रश्न पाचवा : पंगतीला किती जण?

नेट असतं, पण गोगलगायीसारखं चालतं? मग घरात कोण कोण काय काय करतंय ते पाहा. दादा सिनेमा बघतोय, ताई व्हिडिओ पाठवतेय, बाबांचा कॉम्प्युटर न सांगता स्वतःला अद्ययावत करतोय. एकाच पातेल्यातली आमटी सगळ्यांना वाढायची, मग प्रत्येकाच्या वाटीत थोडी थोडीच येणार!

इथे थोडं गणित करू या. कंपनी सांगते, ‘वेग १०० एमबीपीएस.’ पण १०० एमबीची फाइल एका सेकंदात उतरत नाही. का बरं? कारण कंपनी मोजते बिट आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. आई-बाबांनाही हे गणित घाला. बघा कितीजणांना येतं!

आणि ती पळणारी मुलगी?

आता आपली गोष्ट पुरी करू. मी त्या मुलीला फोन केला आणि म्हणाले, ‘माझं चुकलं. तू पळाली नव्हतीस. आता आपण दोघी मिळून नेटला पकडू. एक वही कर. नेट गेलं की तीन गोष्टी लिहायच्या. किती वाजले होते, राउटरचे दिवे कसे होते आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं.’

चार दिवसांनी तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं :

सोमवार, ११.१२. सगळे दिवे विझले, परत लागले. आजी पाणी भरत होती.

मंगळवार, ११.१०. सगळे दिवे विझले, परत लागले. नळ आला होता.

बुधवार. नेट गेलं नाही. आज पाणी आलं नाही.

गुरुवार, ११.१५. सगळे दिवे विझले. मोटर लावली होती.

तुम्हांला सुगावा लागला का? तिला लागला होता. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘बाई, बुधवार बघा!’

त्यांच्याकडे रोज अकराच्या सुमारास नळाला पाणी येई. पाणी वर चढवायला लहानशी मोटर लावत. त्या मोटरचा प्लग आणि राउटरचा प्लग एकाच जुन्या, सैल झालेल्या एक्स्टेन्शन बोर्डात होते. मोटर सुरू होताना क्षणभर खूप वीज ओढते. सैल बोर्डाला ते झेपत नसे. राउटरची वीज डोळ्याचं पातं लवावं तेवढाच वेळ तुटे. पण तेवढ्यानं तो झोपी जाई आणि जागा व्हायला पाच-सात मिनिटं घेई. तेवढी मिनिटं आमची मुलगी पडद्यावरून गुल!

कंपनीचा दोष नव्हता, वायफायचा नव्हता, मोबाइलचा नव्हता आणि मुलीचा तर नव्हताच नव्हता. तिच्या बाबांनी वायरमनकडून मोटरसाठी भिंतीवर वेगळा सॉकेट बसवून घेतला आणि जुना बोर्ड टाकून दिला. त्यानंतर अकराचा नळ आला, मोटर लागली, तरी नेट हललं नाही.

मुलांनो, यात सगळ्यांत महत्त्वाचा दिवस कोणता? बुधवार! नेट गेलं ते दिवस जितके महत्त्वाचे, तितकाच गेलं नाही तो दिवसही महत्त्वाचा. ‘सारखं जातं हो!’ असं म्हणून काही सापडत नाही. लिहून ठेवलं की सापडतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागाही बदलली, बोर्डही बदलला, मोबाइलही बदलला, तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

कंपनीला फोन करताना

हे काम आई-बाबांनी करावं; पण माहिती तुम्ही पुरवा. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा असं सांगितलेलं बरं : ‘काल संध्याकाळी सहापासून एल, ओ, एस दिवा लाल आहे. राउटर बंद करून चालू केला. तार कुठं दुमडलेली नाही. शेजारीही गेलंय.’ म्हणजे निम्मं काम झालंच. तक्रारीचा क्रमांक विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवा. तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तिथेही हाच क्रमांक लागतो.

फोनवरच्या माणसाशी सौम्यपणे बोला. भर पावसात खांबावर चढून तार जोडणाराही कुणाचा तरी बाबाच असतो. मात्र सावध राहा. ‘नेटच्या कंपनीतून बोलतोय’ असं म्हणून कुणी ओटीपी, बँकेचा क्रमांक मागितला किंवा एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. नेट दुरुस्त करायला ओटीपीनं बँकेचं दार उघडावं लागत नाही.

हे कधीही करू नका!

• फायबरच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नका. त्यातला लेसर प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

• राउटर किंवा अडॅप्टर उघडू नका. ओल्या हातानं प्लगला हात लावू नका. प्लग-बोर्डाचं काम मोठ्या माणसांचंच.

• विजा कडाडत असताना तारांना हात लावू नका. वादळाची चिन्हं दिसली की आधीच मोठ्यांना प्लग काढून ठेवायला सांगा.

• चुकून तुटलेला काचेचा तंतू बोटानं उचलू नका. तो त्वचेत रुततो आणि दिसतही नाही.

करून पाहा

या रविवारी एका कोऱ्या कागदावर तुमच्या घराचा नकाशा काढा. राउटर कुठं, तार कुठून आत येते, लोखंडी कपाट कुठं, फ्रिज कुठं, सगळं दाखवा. मग मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीत एकच व्हिडिओ लावून पाहा. छान चालला तिथे हिरवा ठिपका, अडखळला तिथे पिवळा, थांबला तिथे लाल. झाला तुमच्या घराचा वायफाय-नकाशा! राउटर एक हात वर उचलून ठेवला तर किती लाल ठिपके पिवळे होतात, तेही पाहा.

आणि हो, जाता जाता राहिलेली एक गोष्ट. त्या मुलीला मी रागावले होते सगळ्या वर्गासमोर. म्हणून तिची माफीही मी सगळ्या वर्गासमोरच मागितली. मग तिनं आपली वही पडद्यासमोर धरली आणि बुधवारची गंमत सगळ्यांना समजावून सांगितली. त्या दिवशी बाई ती होती आणि मी पहिल्या बाकावर!

आई-बाबांनो आणि माझ्यासारख्या शिक्षकांनो, आपल्यालाही यात एक धडा आहे. मूल पडद्यावरून गुल झालं, तर आधी दिवे पाहू या. रागवायचं असेल तर नंतर रागावता येईल.